ग्वाल्हेर लोकसभा : महालाची जागा की लष्करची?

पुण्यात राज्यशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे ते थोडक्यात असे: ग्वाल्हेर या शहरी लोकसभा मतदारसंघाच्या १९५२ पासूनच्या खासदारांची यादी पाहिली तर देशपांडे, खरे, शेजवलकर, शिंदे अशी मराठी आडनावे पुन्हा पुन्हा येतात, शहरात मराठी घरे तर थोडीच उरली आहेत, तेव्हा ही सगळी महालाची, म्हणजे शिंदे राजघराण्याची, पुण्याई समजायची का, आणि ग्वाल्हेर ही 'महालाची जागा' आहे असे प्रबंधात लिहिले तर चालेल का?

मी ग्वाल्हेरच्या खंडपीठात वकिली करतो. उमेदवारी अर्ज भरून देणे (आमच्याकडे त्याला 'पर्चा' म्हणतात), छाननीला उभे राहणे आणि मोजणीच्या टेबलाशी प्रतिनिधी म्हणून बसणे ही कामे मी चाळीस वर्षे केली, आणि तीही एकाच पक्षासाठी नव्हे. त्या अनुभवावरून सांगतो की 'महालाची जागा' असे लिहू नये. महालाचे वजन इथे आहे, याबद्दल शंका नाही. पण ते ज्या पारड्यात पडते त्या पारड्यात आधीपासून काही असावे लागते. आणि मराठी आडनावांचे कोडे महालाच्या किल्लीने अर्धेच उघडते, कारण सात मराठी खासदारांपैकी चौघे महालातले नव्हते.

आधी साधा हिशेब करू. १९५२ ते २०२४ या ७२ वर्षांत मराठी आडनावाचा खासदार या जागेवर ४० हून अधिक वर्षे बसला. त्यातली महालाची वर्षे वेगळी काढली तर राजमाता विजयाराजे ५, त्यांचे पुत्र माधवराव सुमारे १५ आणि कन्या यशोधराराजे ६ च्या वर, म्हणजे सगळी मिळून २६-२७ वर्षे भरतात. ज्या शहरात दौलतगंज, जीवाजीगंज, माधवगंज, जयाजी चौक असे निम्मे पत्ते एकाच घराण्याच्या नावांनी सांगितले जातात, त्या शहराच्या मानाने हा आकडा मोठा नाही. महालाची खरी घरची जागा गुणा. विजयाराजे १९५७ साली पहिल्यांदा निवडून आल्या त्या गुण्यातून, १९८९ ते १९९८ च्या सगळ्या निवडणुका त्यांनी तिथूनच जिंकल्या. माधवरावांनी १९७१ साली आरंभ केला तो गुण्यातून आणि १९९९ साली परतले तेही तिथेच. माधवरावांचे चिरंजीव ज्योतिरादित्य तर ग्वाल्हेरातून लोकसभेला कधी उभेच राहिले नाहीत. ज्याला आपली जागा म्हणतात तिच्याकडे माणूस निवाऱ्याला जातो, आणि महाल निवाऱ्याला नेहमी गुण्याकडे गेला आहे.

एक पद्धतीची गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. लाटेच्या दिशेने लागलेला निकाल मतदारसंघाबद्दल फारसे काही सांगत नाही. १९७७ साली उत्तर भारतात जनता पक्ष जिंकला, ग्वाल्हेरातही जिंकला. यातून ग्वाल्हेरचे वेगळेपण कळत नाही. देशात वारा एकीकडे वाहत असताना इथे निकाल दुसरीकडे गेला, किंवा वारा पाठीशी असूनही मताधिक्य आटले, तीच वर्षे तपासायची. अशी वर्षे माझ्या मते १९५२, १९७१, १९८०, १९९६, १९९८ आणि २०१४. बाकीची मी भराभर ओलांडणार आहे.

१९५२ च्या निकालाची पार्श्वभूमी नीट लक्षात घ्यायला हवी. तेव्हा मध्यभारत राज्य होते, विजयाराजेंचे पती जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख (राज्यपालासारखे पद) होते, आणि गांधीहत्येला चार वर्षेही झाली नव्हती. हत्येचा आणि ग्वाल्हेरचा संबंध न्यायालयात उघड झाला होता: ते पिस्तूल इथून मिळवलेले होते. इथल्या हिंदू महासभेचे पुढारी डॉ. दत्तात्रय परचुरे यांना विशेष न्यायालयाने शिक्षा दिली आणि पुढे पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने अपिलात त्यांना मुक्त केले. अशा शहरात महासभेचे नावही कोणी घेणार नाही असे बाहेरच्या माणसाला वाटेल. प्रत्यक्षात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत महासभेला देशभरात मिळालेल्या चार जागांपैकी दोन या पट्ट्यातल्या होत्या, ग्वाल्हेर आणि गुणा, आणि त्या दोन्ही एकाच माणसाने, विष्णू घनश्याम देशपांडे यांनी, जिंकल्या. कायद्याने एकच ठेवता येत होती. त्यांनी गुणा ठेवली, ग्वाल्हेर सोडली, आणि पोटनिवडणुकीत महासभेने उभे केलेले डॉ. नारायण भास्कर खरे निवडून आले. खरे नागपूरचे. १९३७ साली मध्य प्रांत व वऱ्हाडचे काँग्रेसचे पंतप्रधान (मुख्यमंत्र्याला तेव्हा तेच म्हणत), १९३८ साली काँग्रेसश्रेष्ठींशी भांडून बाहेर पडलेले, पुढे अलवर संस्थानचे दिवाणपद पाहिलेले आणि महासभेचे अध्यक्ष झालेले. ग्वाल्हेरशी त्यांचे जन्माचे, घराचे, जमिनीचे नाते नव्हते. तरीही निवडून आले.

यावरून मी जो निष्कर्ष काढतो तो असा की लष्करमध्ये, म्हणजे किल्ल्याच्या दक्षिणेला दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली पडली आणि तिचेच शहर झाले त्या भागात, महासभेची बांधणी उमेदवारापेक्षा मोठी होती. तिच्यात मराठी कारकून, वैद्य, मास्तर, वकील पुढे होते आणि हिंदी भाषक व्यापारी त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते. राजप्रमुख असल्यामुळे जिवाजीरावांना उघड बाजू घेता येत नव्हती. त्यांची सहानुभूती महासभेकडे आहे असा काँग्रेसच्या वरिष्ठांचा संशय मात्र होता, आणि १९५७ साली विजयाराजे काँग्रेसच्या तिकिटावर उभ्या राहिल्या त्यामागे तो संशय धुऊन काढण्याची गरज हेही एक कारण होते. म्हणजे महालाचा निवडणुकीतला प्रवेश सत्तेच्या हौसेने कमी आणि अडचणीने अधिक झाला.

त्या पहिल्या मतदानाची एक गोष्ट वडील सांगत. ते मोतीमहालात, म्हणजे मध्यभारताच्या सचिवालयात, कनिष्ठ लिपिक होते आणि मतदान केंद्रावर त्यांची नेमणूक झाली होती. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले, आणि मतदाराने पडद्याआड जाऊन कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. एक म्हातारी मतपत्रिका पेटीत न टाकता पेटीवर ठेवून, तिला हळदकुंकू लावून, नमस्कार करून बाहेर आली. केंद्राध्यक्षांनी ते मत धरले की नाही, हे वडिलांनी प्रत्येक वेळी वेगळे सांगितले, म्हणून मी ते पुरावा म्हणून देत नाही.

१९५७ ची निवडणूक यादीत वेगळी दिसते, कारण ग्वाल्हेरला त्या वेळी दोन खासदार होते. द्विसदस्य मतदारसंघांची ती पद्धत: एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातीसाठी राखीव, मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. राधाचरण शर्मा आणि सूरज प्रसाद असे दोघेही काँग्रेसचे निवडून आले. १९६१ साली ही पद्धत रद्द झाली. १९६२ साली विजयाराजे काँग्रेसकडून ग्वाल्हेरच्या खासदार झाल्या, आणि 'महालाची जागा' हा शब्दप्रयोग बहुधा इथून सुरू झाला असावा. पण त्यांच्या पाठीशी तेव्हा काँग्रेस होती, आणि मध्य प्रदेशात त्या काळी काँग्रेसच्या पाठीशी कोण नव्हते?

१९६६ साली ग्वाल्हेरात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि विजयाराजे व मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांचे बिनसले. १९६७ साली त्या काँग्रेसबाहेर पडून गुण्यातून 'स्वतंत्र' नावाच्या पक्षाच्या चिन्हावर लोकसभेला आणि करेऱ्यातून जनसंघाकडून विधानसभेला उभ्या राहिल्या, दोन्हीकडे जिंकल्या, विधानसभा ठेवली आणि काही महिन्यांत मिश्रांचे सरकार पाडले. ग्वाल्हेरची लोकसभेची जागा जनसंघाच्या रामअवतार शर्मा यांनी घेतली. महाल आणि लष्कर भागातली संघटना हे दोन्ही प्रवाह पहिल्यांदा उघडपणे एका पात्रात आले ते या वेळी. महासभेची जुनी घरे एव्हाना जनसंघात आलेली होती. नगरपालिकेच्या राजकारणात तर तो पक्ष शहराचा मालक होऊ लागला होता. पुढे २०२२ साली महापौरपद काँग्रेसकडे गेले तेव्हा ते ५७ वर्षांनी गेले असे सगळ्या वर्तमानपत्रांनी छापले. या ५७ वर्षांकडे तुम्ही लोकसभेच्या निकालांहून जास्त लक्ष द्यावे असे मला वाटते.

१९७१ हे पहिले खरे उलट्या वाऱ्याचे वर्ष. देशभर इंदिरा गांधींची लाट होती आणि जनसंघ २२ जागांवर आला, पण त्या २२ मध्ये ग्वाल्हेर, गुणा आणि भिंड या शेजारशेजारच्या तीन जागा होत्या: ग्वाल्हेरात अटलबिहारी वाजपेयी, गुण्यात माधवराव, भिंडमध्ये विजयाराजे. वाजपेयी जन्माने इथलेच, शिंदे की छावनी भागातले, व्हिक्टोरिया कॉलेजचे विद्यार्थी; पण खासदार म्हणून आधी बलरामपूरचे. या विजयाचे श्रेय महालाचे की संघटनेचे, हे १९७१ च्या आकड्यांवरून ठरत नाही, कारण दोन्ही एकत्र होते. ते ठरवायला १९८० पर्यंत थांबावे लागते.

मधल्या १९७७ मध्ये नारायण कृष्ण शेजवलकर जनता पक्षाकडून निवडून आले. ते शहराचे महापौर राहिलेले होते, आणि महालातले नव्हते. आता १९८० पाहा. काँग्रेस परतली, मध्य प्रदेशात तिने जवळपास सगळे झाडून नेले. महाल तेव्हा दुभंगलेला होता: माधवराव काँग्रेसमध्ये जाऊन गुण्यातून जिंकले, राजमाता जनता पक्षाकडून थेट इंदिरा गांधींविरुद्ध रायबरेलीत उभ्या राहिल्या आणि पडल्या. आणि ग्वाल्हेरात शेजवलकर टिकले. राजमातांचा आशीर्वाद त्यांना होताच, हे मान्य. पण लाट विरुद्ध, राजपुत्र विरुद्ध पक्षात, राजमाता स्वतः शेकडो मैल दूर प्रचारात, आणि तरीही ज्याला नळाच्या तोट्या नि गटारांच्या तक्रारींमुळे लोक ओळखत तो उमेदवार निवडून येतो, याचा अर्थ लष्कर भागातल्या संघटनेच्या अंगात स्वतःचे बळ होते. माझे पहिले मत या निवडणुकीतले. मतदानाचे वय तेव्हा २१ होते. ते १९८९ साली १८ झाले.

आता १९८४, जी गोष्ट ग्वाल्हेरबद्दल बोलणारा प्रत्येक जण सांगतो. वाजपेयी पुन्हा ग्वाल्हेरातून उभे होते आणि माधवराव गुण्यातूनच लढणार असे धरून चालले होते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या वेळी, माधवरावांनी ग्वाल्हेरात अर्ज भरला. वाजपेयींनी पुढे स्वतः सांगितले की दुसरीकडून अर्ज भरावा म्हणून ते मोटारीने भिंडकडे निघाले, पण वेळेत पोहोचणे शक्य नव्हते. हा किस्सा लोक दगाबाजीची किंवा चातुर्याची कथा म्हणून सांगतात. पर्चे भरणारा माणूस म्हणून मला त्यात घड्याळ दिसते. अर्ज दुपारी तीनपर्यंत स्वीकारले जातात; तीन वाजता जो निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनात असेल त्याचाच अर्ज घेतला जातो. भिंड ७५-८० किलोमीटरवर आहे, सूचक, म्हणजे उमेदवाराचे नाव सुचवणारे, तिथल्या मतदारयादीतले लागतात, अनामत रकमेची पावती लागते, यादीतल्या नावाची प्रमाणित प्रत लागते. त्या काळी एका उमेदवाराने किती जागांवरून उभे राहावे यावर बंधनही नव्हते. दोनच जागांची मर्यादा १९९६ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे सकाळीच एक जादा अर्ज तयार ठेवला असता तर हा किस्सा घडला नसता. तेव्हापासून इथले सगळे पक्ष शेवटच्या दिवशी राखीव अर्ज तयार ठेवतात, आणि आमच्यासारख्यांची फी त्यावर चालते.

निकालात माधवराव पावणेदोन लाखांच्या आसपास मतांनी जिंकले, आणि हेच मताधिक्य 'महालाच्या जागे'चा मुख्य पुरावा म्हणून दाखवले जाते. मला तो पुरावा कच्चा वाटतो. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती निवडणूक होती; सहानुभूतीची लाट, काँग्रेसचे चिन्ह आणि महाल हे तिन्ही एका बाजूला होते. यांपैकी महालाचा वाटा किती, ते शेजारच्या भिंडमध्ये तपासता येते. त्याच निवडणुकीत माधवरावांच्या भगिनी वसुंधराराजे भाजपकडून भिंडमध्ये उभ्या होत्या, राजमाता प्रचारात होत्या, आणि वसुंधराराजे पडल्या. एकच घराणे, एकच महिना, लागून असलेले दोन मतदारसंघ. ज्या बाजूला लाट होती त्या बाजूचा शिंदे जिंकला, दुसऱ्या बाजूचा हरला.

म्हणून माधवरावांची खरी कसोटी मी १९८४ ला धरत नाही, १९९६ ला धरतो. त्याआधीची बारा वर्षे त्यांनी जागा राखली, ती निव्वळ नावावर नाही. रेल्वे राज्यमंत्री असताना १९८८ साली पहिली शताब्दी एक्स्प्रेस नवी दिल्लीहून झाशीपर्यंत धावली, ती ग्वाल्हेरवरून. दिल्लीला कोर्टकामाला जाणाऱ्या आम्हा लोकांचा रात्रीचा प्रवास त्या गाडीने संपवला, आणि मतदानाच्या दिवशी माणसाला अशा गोष्टी आठवतात. १९९६ च्या जानेवारीत पुढाऱ्यांना बेकायदा पैसे दिल्याच्या जैन हवाला प्रकरणात नाव आल्यावर त्यांनी मंत्रिपद सोडले, काँग्रेसने तिकीट नाकारले, आणि त्यांनी मध्य प्रदेश विकास काँग्रेस नावाचा पक्ष काढून निवडणूक लढवली. ना पक्षाची बांधणी, ना जुने चिन्ह. उमेदवार आणि त्याचे घराणे एवढेच भांडवल. तरी मोठ्या फरकाने जिंकले. 'महालाची जागा' या मताच्या बाजूने सगळ्यात भक्कम दाखला कोणता, असे मला विचाराल तर तो हाच, आणि प्रामाणिकपणे तो तुमच्या प्रबंधात आला पाहिजे.

पण त्यालाच जोडून १९९८ ठेवा. माधवराव काँग्रेसमध्ये परतले होते, चिन्ह पुन्हा पंजाचे होते, आणि समोर भाजपचे जयभानसिंह पवैया. बजरंग दलातून आलेला, महालविरोध हाच प्रचाराचा मुख्य विषय करणारा उमेदवार. मताधिक्य २६ हजारांच्या आसपास उरले. मी त्या मोजणीत टेबलाशी होतो. तेव्हा मतपत्रिका होत्या. प्रतिनिधी जाळीच्या अलीकडे, मोजणारे पलीकडे, गड्ड्या बांधून टेबलावर येत, आणि आम्ही कागदावर चार उभ्या रेघा नि एक आडवी अशा पाच-पाचच्या खुणा करत असू. दरबारी थाटाचे, मोठमोठ्या मिशांचे काही गृहस्थ मागच्या खुर्च्यांवर बसलेले होते, जे पूर्वीच्या मोजणीत दुपारच्या जेवणानंतर घरी जाऊन झोपत. त्या वेळी ते शेवटपर्यंत बसले. रात्री चहावाल्याने त्यांच्यापैकी एकाला विचारले, 'सरदारसाहेब, आज इतका उशीर?' त्यावर ते काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त रिकामा कुल्हड पुढे केला.

पुढच्याच वर्षी राजमाता प्रकृतीमुळे निवृत्त झाल्या, माधवराव गुण्याला गेले आणि ग्वाल्हेर पवैयांनी जिंकली. १९९८ चे आकडे वाचता येणाऱ्याला यात आश्चर्य नव्हते. २००१ साली माधवरावांचे विमान अपघातात निधन झाले. २००४ साली काँग्रेसचे रामसेवक सिंह आले; मी तेव्हा पवैया सहज टिकतील असे चारचौघांत छातीठोक सांगितले होते आणि ते अजून ऐकावे लागते. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात संसदेने ज्या अकरा सदस्यांची हकालपट्टी केली त्यात रामसेवक सिंह होते. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई वैध ठरवली आणि जागा पोटनिवडणुकीला मोकळी झाली. यशोधराराजे भाजपकडून निवडून आल्या, २००९ साली पुन्हा आल्या, आणि २०१३ च्या अखेरीस शिवपुरीच्या आमदार होऊन लोकसभेतून बाहेर पडल्या. या टप्प्यावर महालातल्या यशोधराराजे आणि लष्करची संघटना एका बाजूला होती. तसे असताना २००९ चे मताधिक्य ३० हजारांच्याही आत राहिले. बेरीज मोठी व्हायला हवी होती, ती झाली नाही.

का झाली नाही, याचे उत्तर नकाशात आहे, आणि 'शहरी मतदारसंघ' हा तुमचा शब्द मला तिथेच खटकतो. २००८ च्या पुनर्रचनेनंतर या लोकसभा क्षेत्रात आठ विधानसभा क्षेत्रे आहेत: ग्वाल्हेर, ग्वाल्हेर पूर्व, ग्वाल्हेर दक्षिण, ग्वाल्हेर ग्रामीण, भितरवार, डबरा, करेरा आणि पोहरी. यातली पहिली तीनच पूर्ण शहरी. करेरा आणि पोहरी तर शिवपुरी जिल्ह्यातली आहेत. डबऱ्याच्या ऊसवाल्याला किंवा पोहरीच्या जंगलपट्टीतल्या मतदाराला लष्करचे राजकारण जितके दूरचे, तितकाच महालही दूरचा. तिथे कुशवाह, गुर्जर, जाटव, रावत, ब्राह्मण अशा गणिताने मत पडते, आणि बसपची मते कोणाच्या वाट्याची जातात यावर निकाल हलतो. २०१४ साली देशभर मोदींची लाट असताना नरेंद्रसिंह तोमर यांच्यासारखा जड उमेदवार इथून ३० हजारांहून कमी फरकाने आला, तो यामुळेच. समोर काँग्रेसचे अशोक सिंह होते, जे २००७, २००९, २०१४ आणि २०१९ अशा चार वेळा लागोपाठ पडले, पण २०१९ वगळता प्रत्येक वेळी मोजणी लांबवत पडले. २०२४ साली ते राज्यसभेवर गेले.

२०१९ साली विवेक शेजवलकर, नारायण कृष्ण शेजवलकरांचे चिरंजीव, १ लाख ४६ हजारांच्या फरकाने निवडून आले. तेही आधी दोनदा महापौर. वडील आणि मुलगा दोघांचीही वाट नगरपालिकेच्या इमारतीतूनच संसदेकडे गेली आहे, आणि मराठी आडनावांच्या कोड्याचे उरलेले अर्धे उत्तर इथे आहे. देशपांडे आणि खरे यांना महासभेने आणले, शिंद्यांना घराण्याने, शेजवलकरांना संघ, जनसंघ आणि महापालिकेने. या तिन्ही वाटांवर मराठी माणसे पुढे होती, कारण संस्थानकाळात लिहिणे-वाचणे, हिशेब, सभासंस्था ही कामे त्यांच्या हातात होती आणि संघटना बांधणाऱ्याला नेमकी हीच माणसे लागतात. त्यांना मते देणारे मात्र बहुतेक सगळे हिंदी भाषक होते. फाळके बाजारातल्या किंवा शिंदे की छावनीतल्या मराठी घरांची मते एकगठ्ठा पडली तरी लोकसभेच्या आकड्यात ती दिसणारही नाहीत. विधानसभेतही एकदाच असा प्रसंग आला: २०१८ साली ग्वाल्हेर दक्षिणमध्ये काँग्रेसचे प्रवीण पाठक फक्त १२१ मतांनी जिंकले. १२१ मतांच्या निकालाचे श्रेय कोणालाही घेता येते, आणि त्या वेळी मराठी मंडळींसकट शहरातल्या प्रत्येक जातीने, प्रत्येक गल्लीने आणि एका व्यायामशाळेने ते घेतलेही.

२०२४ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांनी मराठी उमेदवार दिला नाही. भाजपचे भारतसिंह कुशवाह आणि काँग्रेसचे प्रवीण पाठक, दोघेही काही महिन्यांपूर्वी विधानसभेला पडलेले: कुशवाह ग्वाल्हेर ग्रामीणमध्ये, पाठक ग्वाल्हेर दक्षिणमध्ये. ग्रामीणमध्ये पडलेला सुमारे ७० हजारांनी जिंकला. उमेदवार निवडताना भाजपने लष्करकडे पाहिले नाही, महालाकडेही पाहिले नाही, त्याने खेड्यांतल्या संख्येकडे पाहिले. आणि ज्योतिरादित्य तोवर त्याच पक्षात येऊन गुण्यातून उभे होते, ही गोष्ट माझ्या सुरुवातीच्या मुद्द्याला धरूनच आहे.

प्रबंधासाठी शेवटी एक कामाची सूचना. मतदान केंद्रनिहाय आकडे फॉर्म २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालपत्रकात, मिळतात आणि लष्करचे मत वेगळे काढायचे तर तेच लागतील. मतपत्रिकांच्या काळात अनेक निवडणुकांत सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका पिंपात मिसळून मग मोजत, कुठल्या वस्तीने कोणाला मत दिले हे कळू नये म्हणून. तेव्हा त्या वर्षांबद्दल 'अमुक मोहल्ल्याने महालाला मते दिली' असे कोणी सांगितले तर ते ऐकीव समजावे. यंत्रांच्या काळातले, म्हणजे २००४ पासूनचे आकडे वापरताना २००८ च्या आधीच्या यादीत 'लष्कर पूर्व' आणि 'लष्कर पश्चिम' ही क्षेत्रे सापडतील, नंतरच्या यादीत ती नावे नाहीत आणि केंद्रांचे क्रमांकही बदललेले आहेत. केंद्र क्रमांकावरून जुळवू नका, शाळेच्या किंवा इमारतीच्या नावावरून जुळवा, नाहीतर एकच गल्ली दोन रकान्यांत मोजली जाईल.